पस्तीस ऐकून त्रेपन्न लिहिणारी मुले आणि आठ रविवारची गणित कार्यशाळा

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सलग आठ रविवार, बेळगाव शहरातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने भावी शिक्षकांसाठी घेतलेली प्राथमिक गणित अध्यापनाची कार्यशाळा मी पूर्ण केली. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ, शुल्क दोन हजार आठशे रुपये, आणि साहित्याची पेटी हवी असल्यास तिचे चौदाशे पन्नास रुपये वेगळे, असा तिचा हिशेब होता. मी खानापूर तालुक्यातील असून डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना गणित शिकवण्याची वेळ लवकरच येणार आहे आणि आमच्या अभ्यासक्रमात या विषयाच्या वाट्याला आलेले तास पुरेसे वाटत नाहीत, म्हणून मी नाव नोंदवले. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि ती चालवणारी माणसे मोजकी आहेत. अशा कोणत्याही कार्यशाळेला जाण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, एवढ्यापुरता हा अभिप्राय कोणाच्या उपयोगी पडला तरी पुरे.

पहिल्या रविवारी दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि पाहुण्यांचे भाषण यांपैकी काहीही झाले नाही, ही गोष्ट मला फार आवडली. मार्गदर्शक बाईंनी फळ्यावर ४०२ वजा १९८ एवढेच लिहिले आणि कागद न वापरता उत्तर काढायला सांगितले. आम्ही चौतीस जण होतो, आणि बहुतेक सर्वांनी हवेत बोटाने उभी मांडणी करून, दोनातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य, म्हणून त्याच्या शेजारून उसना, अशी शाळेत शिकलेली सगळी वाट पुन्हा चालून उत्तर काढले. आठ-दहा जणांचे उत्तर चुकले. शहापूरच्या एका मुलाने मात्र क्षणात २०४ सांगितले. कसे काढले असे विचारल्यावर तो थोडा संकोचून म्हणाला की वडिलांचे भाजीचे दुकान आहे आणि तेथे सुटे परत देताना वजाबाकी कोणी करतच नाही; एकशे अठ्ठ्याण्णवला दोन घातले की दोनशे, त्यावर दोनशे दोन घातले की चारशे दोन, म्हणून दोनशे चार. बाईंनी त्याची रीत फळ्यावर मांडली आणि आम्हाला विचारले की बारा-चौदा वर्षे गणित शिकलेल्या बाकीच्या तेहतीस जणांना ही वाट का सुचली नाही. कोणी काही बोलले नाही.

त्या प्रश्नातूनच पहिल्या दोन रविवारांचा सारा अभ्यास उलगडत गेला. आपण वजाबाकी म्हटली की 'काढून घेणे' एवढाच अर्थ धरतो, पण दोन संख्यांमधील अंतर मोजणे हाही तिचा तितकाच खरा अर्थ आहे, आणि ४०२ व १९८ यांच्यासारख्या जोडीला दुसरा अर्थ कितीतरी सोयीचा पडतो. भागाकाराचेही तसेच आहे. बारा लाडू तीन मुलांत सारखे वाटणे आणि बारा लाडवांचे तीन-तीनचे पुडे बांधणे या दोन वेगळ्या कृती आहेत. कागदावर मात्र दोन्ही १२ ÷ ३ अशाच दिसतात. मी स्वतः हा फरक त्या दिवसापर्यंत कधी शब्दांत मांडला नव्हता, हे येथे कबूल करते. ब्रिटिश गणितशिक्षणतज्ज्ञ रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मध्ये नियम माहीत असणे आणि नियमामागचा संबंध माहीत असणे या दोन प्रकारच्या समजुतींमध्ये जो भेद दाखवला, तो बाईंनी याच टप्प्यावर सांगितला. उदाहरण आधी अंगावर आले आणि सिद्धांत नंतर आला, त्यामुळे तो लक्षात राहिला. आमच्या अध्यापक विद्यालयात हा क्रम नेमका उलटा असतो.

'हातचा' या शब्दावर झालेली अर्ध्या तासाची चर्चाही अशीच नेमकी होती. सत्तेचाळीस आणि अडतीस यांची बेरीज करताना सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक, असे आपण म्हणतो. पण तो एक म्हणजे एक दशक आहे हे मुलाला केव्हा कळते? बाईंनी आम्हाला काड्या आणि रबर दिले. पंधरा सुट्या काड्यांपैकी दहांचा गठ्ठा बांधून तो खरोखर हातात धरायला लावला आणि मग दशकांच्या रांगेत ठेवायला सांगितला. 'हातचा' हा शब्द किती शब्दशः खरा आहे हे तेव्हा जाणवले. वस्तू हाताळणे, मग तिचे चित्र काढणे आणि शेवटी चिन्हाकडे येणे, या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी मांडलेल्या तीन पायऱ्या पाठ्यपुस्तकातून आम्हाला तोंडपाठ होत्या. सिंगापूरने याच पायऱ्यांवर १९८० च्या दशकात आपल्या प्राथमिक गणिताची उभारणी केली, हेही परीक्षेपुरते ठाऊक होते. तरीही गठ्ठा बांधताना चित्राची मधली पायरी आम्ही सर्वांनी गाळली, काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारली, आणि बाईंनी ती चूक शांतपणे दाखवून दिली.

चित्राच्या या पायरीसाठी शिकवलेली मोकळी संख्यारेषा मला संपूर्ण कार्यशाळेतील सर्वांत उपयोगी वस्तू वाटली, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. नेदरलँड्समध्ये गणितज्ञ हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या विचारांतून जी वास्तवाधारित गणिताची परंपरा वाढली, तिच्यातून ही रेषा आलेली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील संख्यारेषेवर प्रत्येक खूण आधीच छापलेली असते. ही रेषा कोरी असते आणि मूल तिच्यावर स्वतःला हव्या तेवढ्या उड्या काढते. बावन्नातून सदतीस वजा करताना एका मुलाने सदतीसवरून तीनची उडी मारून चाळीस गाठावे, दहाची उडी मारून पन्नास, दोनची उडी मारून बावन्न, आणि उड्यांची बेरीज पंधरा सांगावी. दुसऱ्याने बावन्नवरून मागे येत तीस आणि मग सात उतरावेत. शिक्षकाला मुलाचे डोके कसे चालले ते कागदावर दिसते. उभ्या मांडणीत उत्तर चुकले तर चूक कोठे झाली ते शोधावे लागते, येथे ती उघड दिसते. या रेषेपूर्वी शंभर मण्यांची माळ वापरतात, ज्यात दहा मणी एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे असतात. माळेवर चिमटा लावत मोजलेली मुले पुढे रेषेवर सहज येतात, असे बाईंचे म्हणणे होते, आणि माझ्या सराव पाठात मला तसाच अनुभव आला.

आता तक्रारीकडे येते, कारण ती किरकोळ नाही. तिसऱ्या रविवारचा विषय स्थानिक किंमत हा होता आणि त्या दिवशीची सर्व टिपणे इंग्रजीतून जशीच्या तशी मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवलेली होती. त्यांत म्हटले होते की अकरा ते एकोणीस या संख्यांची नावे अनियमित असल्याने मुले तेथे अडखळतात, पण वीसच्या पुढे नाव ऐकले की दशक आणि एकक क्रमाने कळत जातात. हे इंग्रजीबाबत खरे आहे आणि कन्नडबाबतही बऱ्याच अंशी खरे आहे. मराठीबाबत ते साफ चुकीचे आहे. आपण पस्तीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि तीस नंतर. कन्नडमध्ये हीच संख्या मूवत्तैदु असते, म्हणजे तीस आधी आणि पाच नंतर, जसे आपण ती लिहितो तसेच. एकोणतीस या शब्दात तर तिसातून एक वजा करण्याची क्रिया लपलेली आहे, आणि कन्नडमध्ये तेथे इप्पत्तोंबत्तु, म्हणजे सरळ वीस आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चाललेली ही 'एकोण'ची रीत नव्याण्णवला येऊन अचानक सोडून दिली जाते, हे तर मराठी मोठ्या माणसांच्याही कधी ध्यानात येत नाही.

ही केवळ भाषेची गंमत असती तर मी येथे लिहिली नसती. सराव पाठासाठी मला खानापूर तालुक्यातील ज्या मराठी शाळेत पाठवले होते, तेथे दुसरीतल्या एका मुलाने श्रुतलेखनात पस्तीसऐवजी त्रेपन्न आणि अठ्ठेचाळीसऐवजी चौऱ्याऐंशी लिहिले होते. त्याच्या वहीत मार्गदर्शक शिक्षकांनी लाल शाईने 'सराव करा' एवढेच लिहिलेले होते. वस्तुतः त्या मुलाने कानाने ऐकले त्याच क्रमाने प्रामाणिकपणे हात चालवला होता: 'पस' ऐकून पाच लिहिले, 'तीस' ऐकून तीन लिहिले. आपल्या भागातील मुलाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. घरी आणि शाळेत त्याच्या कानावर मराठीचा एक क्रम पडतो, बसमधील वाहकाकडून आणि आठवड्याच्या बाजारात कन्नडचा दुसरा, आणि मोबाईलचा क्रमांक सांगताना घरची सगळी माणसे इंग्रजीवर येतात. एकाच संख्येची तीन नावे आणि दोन दिशा सांभाळणाऱ्या मुलाला मंद म्हणण्यापूर्वी आपण जरा थांबायला हवे. या प्रश्नावर सीमाभागातील शिक्षकाला स्वतंत्र प्रशिक्षण हवे असते, आणि बेळगावात भरणाऱ्या कार्यशाळेत त्यावर एक वाक्यही नसावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

मधल्या सुट्टीत मी हे बाईंना सांगितले. त्यांनी टाळले नाही. स्वतः कन्नड माध्यमात शिकल्यामुळे आपल्याला ही अडचण कधी जाणवलीच नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि दुपारचा एक तास आम्हा मराठी माध्यमाच्या छात्राध्यापकांच्या हाती दिला. त्या तासात महाराष्ट्रातील २०१९ सालच्या वादाची आठवण निघाली. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीस या शब्दाबरोबर 'वीस एक' असे वाचनही सुचवले गेले होते, त्यावर वर्तमानपत्रांतून आणि थेट विधिमंडळातूनही टीका झाली, आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगितले होते. आमच्या शाळांत पुस्तके कर्नाटकची येतात, त्यामुळे तो वाद आमच्या उंबऱ्याबाहेरच राहिला; परंतु त्यामागचा प्रश्न आमच्या वर्गात महाराष्ट्रापेक्षा अधिक तीव्र आहे. माझे स्वतःचे मत असे की जुनी संख्यानामे सोडून देण्याची काहीही गरज नाही, कारण मूल आजीशी आणि दुकानदाराशी त्याच नावांनी बोलणार आहे; पण पहिले काही महिने 'तीस आणि पाच, म्हणजे पस्तीस' असे दोन्ही म्हणायला कोणती हरकत असावी, हे मला समजत नाही.

आम्ही त्या तासात एक साधा उपाय तयार केला. मराठी संख्यानामाचा शेवट दशक सांगतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यायचे: 'तीस' ऐकू आले की तिसातले, 'चाळीस' आले की चाळिसातले, 'वन्न' किंवा 'पन्न' आले की पन्नासातले, 'सष्ट' म्हणजे साठातले, 'हत्तर' म्हणजे सत्तरातले, 'ण्णव' म्हणजे नव्वदातले. मुलाने नाव पूर्ण ऐकायचे, शेवट पकडून त्या दशकाचा, जसे ३० लिहिलेला, लांब पत्ता आधी उचलायचा, आणि मग त्याच्या शून्यावर एककाचा आखूड पत्ता ठेवायचा. 'एकोण'च्या संख्यांसाठी माळेवर तिसाव्या मण्यापर्यंत जायचे आणि एक मणी मागे यायचे. पुढच्या आठवड्यात मी हे त्या शाळेत करून पाहिले. तीन दिवसांत चुका संपल्या असे म्हणणार नाही, पण त्रेपन्न लिहिणारा तो मुलगा लिहिण्यापूर्वी थांबू लागला, आणि चौथ्या दिवशी त्याने मला विचारले, "बाई, मग कन्नडमध्ये लिहायचं सोपं, आणि आपलं अवघड का?" पाठ टिपणात या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

अपूर्णांकांचा रविवार हा कार्यशाळेतील सर्वांत समृद्ध दिवस होता, आणि त्याचे श्रेय निपाणीकडून आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींना आहे. त्यांनी सुरुवातीलाच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे जुने पाढे आठवतात का असे विचारले. आमच्यापैकी कोणालाही औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे ठाऊक नव्हते. गुरुजींनी तो म्हणून दाखवला: औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा, औट चोक चौदा. पाठांतराचे गोडवे गाण्यासाठी त्यांनी हे केले नाही. उलट, हे पाढे पाठ असणाऱ्या आपल्याच पिढीला पाऊण म्हणजे काय हे चित्र काढून दाखवता येत नसे, असे त्यांनी हसत सांगितले. त्यांना दाखवायचे होते ते शब्दांचे घडणे. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी. तो शब्द 'पादोन' यावरून आला. कन्नडमध्ये तीन चतुर्थांशाला मुक्कालु म्हणतात, म्हणजे तीन 'कालु', तीन पाव. एक भाषा वरून खाली उतरते, दुसरी खालून वर चढते, आणि दोन्ही चित्रे मुलाच्या हाती दिली तर १ − १/४ आणि १/४ + १/४ + १/४ ही एकच गोष्ट आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिवाय 'पाव' हा शब्द पाद म्हणजे पाय यावरून आलेला आणि 'कालु'चाही अर्थ पायच, म्हणजे दोन्ही भाषांनी चौथा भाग मोजण्यासाठी चार पायांचे जनावरच डोळ्यांसमोर ठेवलेले दिसते, असे गुरुजी म्हणाले तेव्हा वर्गात कन्नड आणि मराठी माध्यमाचे छात्राध्यापक प्रथमच एकमेकांकडे वळून बोलू लागले.

त्यानंतर गुरुजींनी एक प्रश्न दिला: पावणेदोन भागिले अर्धा याचे उत्तर काढा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. हा प्रश्न गणितशिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना तो विचारला होता, आणि अमेरिकी शिक्षकांपैकी बहुतेकांना योग्य उदाहरण रचता आले नव्हते. आम्हालाही आले नाही. भाजक उलटा करून गुणण्याचा नियम सर्वांना येत होता, साडेतीन हे उत्तर सर्वांनी काढले, पण उदाहरणे मात्र 'पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्या' अशा धर्तीची निघाली, जी अर्ध्याने नव्हे तर दोनने भागण्याची आहेत. शेवटी वडगावच्या एका मुलीने सांगितले की पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर किती पिशव्या भरतील. तीन पूर्ण आणि एक अर्धी, म्हणजे औट. सकाळचा पाढा दुपारी असा परत आला, आणि गुरुजींनी ते ठरवून केले होते की तसे आपोआप घडले, हे मला अजून कळलेले नाही.

शाब्दिक उदाहरणांवरील सत्रही चांगले झाले. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, अशा खुणा शिकवण्याची आपल्याकडे सवय आहे आणि मार्गदर्शिकांतूनही ती सर्रास सांगितली जाते. बाईंनी उदाहरण दिले: रमाकडे आठ गोट्या आहेत, त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा तीनने जास्त आहेत, तर सीमाकडे किती? 'जास्त' हा शब्द पाहून मूल अकरा म्हणते, खरे उत्तर पाच आहे. खुणेच्या शब्दाकडे न पाहता गोष्टीत काय घडले ते चित्राने किंवा पट्ट्यांनी मांडायला शिकवावे, एवढाच या सत्राचा आशय, पण तो दहा वेगवेगळ्या उदाहरणांतून पक्का केला गेला. उदाहरणांतील नावे आणि वस्तू जरी आपल्याकडच्या केलेल्या असल्या तरी एका उदाहरणात बर्फावरून घसरणारी मुले राहून गेली होती. खानापुरातील मुलांना पाऊस मोजायला सांगितला असता तर बरे झाले असते.

बहुवर्ग अध्यापनाचे सत्र निराशाजनक होते. कर्नाटकातील शासकीय शाळांत पहिली ते तिसरीची मुले नलि-कलि पद्धतीने एकत्र बसतात. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत शिडीसारखी मांडलेली कार्डे आणि गट यांवर चालते, आणि आमच्यापैकी ज्यांना शासकीय शाळेत जायचे आहे त्यांना पहिल्याच दिवशी तीन इयत्ता एका खोलीत सांभाळाव्या लागणार आहेत. कार्यशाळेतील जवळजवळ प्रत्येक उपक्रम मात्र एकाच इयत्तेची, एकाच पातळीवरची तीस मुले समोर बसली आहेत असे गृहीत धरून आखलेला होता. 'तुम्ही कसे केले?' हा प्रश्न तीस मुलांना विचारून चर्चा घडवण्यास पंचवीस मिनिटे लागतात. त्या वेळात बाकीच्या दोन गटांनी काय करावे, यावर सत्रात 'त्यांना सराव द्यावा' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला पायाभूत गणित यावे हे ध्येय २०२६-२७ साठी ठेवलेले आहे. त्यावरचे सादरीकरण पाऊण तास चालले आणि त्यात आम्हाला आधी ठाऊक नसलेले काहीही नव्हते.

साहित्याच्या पेटीबद्दल स्पष्ट लिहिते: ती सगळी विकत घेऊ नये. पेटीतील दशमान ठोकळे उत्तम आहेत. गणितशिक्षणतज्ज्ञ झोल्तान दिएनेश यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठोकळ्यांत एकक, दशकाची कांडी आणि शतकाची पाटी यांची मापे अचूक जुळली पाहिजेत. ती येथे जुळतात, आणि असे ठोकळे घरी करणे अवघड आहे. पण मण्यांच्या माळेतील दोरा पहिल्याच आठवड्यात तुटला, आणि अपूर्णांकांच्या प्लॅस्टिक चकत्यांपैकी तृतीयांशाचे तीन तुकडे एकत्र ठेवले असता त्यांचे पूर्ण वर्तुळ होत नाही, मधे बारीक फट राहते. ज्या साहित्याने तीन तृतीयांश म्हणजे एक हे दाखवायचे, त्यानेच ते खोटे पाडावे, हे क्षमा करण्यासारखे नाही. तक्रार केल्यावर संस्थेने चकत्या बदलून देण्याचे मान्य केले, परंतु बदललेल्या चकत्यांतही तोच दोष होता. मी गणपत गल्लीतून दोन रंगांचे मणी आणि नायलॉनचा जाड दोरा आणून एकशे ऐंशी रुपयांत दोन माळा केल्या, आणि चकत्यांऐवजी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या. पट्टीच्या घड्या घालता येतात, चकतीच्या तिसऱ्या भागाची घडी मुलाला घालता येत नाही, हा आणखी एक फायदा.

व्यवस्था मध्यम होती. वर्ग पत्र्याच्या छपराखाली भरे आणि जुलैतल्या पावसात मागच्या बाकांवर एक शब्दही ऐकू येत नसे. जांबोटीकडून येणारी माझी मैत्रीण दोन रविवार रस्त्यावरच अडकली आणि तिला त्या सत्रांची टिपणे मागूनही मिळाली नाहीत. चहा दोन वेळा मिळाला, जेवणाचा डबा आपला आपण न्यायचा होता. बोलण्याची भाषा मात्र छान मिसळलेली होती: बाई कन्नडमध्ये सुरुवात करीत, मराठीत समजावून सांगत, आणि प्रश्न कोणीही कोणत्याही भाषेत विचारी. छापील टिपणांचे मराठी मात्र इतके ओढूनताणून केलेले होते की काही ठिकाणी मला कन्नड प्रत शेजारी ठेवून अर्थ लावावा लागला. गणिताची पुस्तके आणि वर्गातील शब्द हाताशी असताना 'दशक सुटा करणे' या साध्या शब्दांऐवजी 'पुनर्गटन प्रक्रिया अवलंबणे' कोणी का लिहावे?

शिक्षक पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी कोणी ही कार्यशाळा करणार असेल तर त्याने करू नये. तेथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा येथे सराव होत नाही आणि तसा दावाही संस्थेने केलेला नव्हता. आधीपासून वर्गावर असलेल्या शिक्षकांना मोकळी संख्यारेषा आणि अपूर्णांक यांचे दोन रविवार स्वतंत्रपणे करता आले तर अधिक सोयीचे होईल, पण सध्या पूर्ण शुल्क भरल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. माझ्यासारख्या सराव पाठांच्या वर्षात असलेल्यांना मात्र मी जा असेच सांगेन, कारण रविवारी शिकलेले सोमवारी मुलांसमोर करून पाहता येते आणि पुढच्या रविवारी फसलेले परत आणून दाखवता येते. संस्थेला मी लेखी कळवले आहे की संख्यानामांवर एक पूर्ण रविवार ठेवावा, त्यासाठी एक मराठी आणि एक कन्नड माध्यमाचा शिक्षक एकत्र उभा करावा, आणि बहुवर्गाच्या सत्रासाठी नलि-कलिचा वर्ग रोज चालवणारी एखादी बाई बोलवावी. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. नाव नोंदवताना वेळापत्रक मागून घ्यावे, पेटीतील फक्त ठोकळे वेगळे मिळतात का ते विचारावे, आणि पुढच्या दोन बाकांवर जागा धरावी.